पाटी कुणाची, पाणी कुणाचं?

गेल्या २० मार्चला मी महाडला गेलो होतो. तिसरी पाळी करून सकाळी सातला सुटलो, तोंडावर पाणी मारलं आणि चाळीतल्या पोरांनी केलेल्या टेम्पोत चढलो. डोळ्यांत झोप आणि कानात साच्यांचा आवाज. रिंगखात्यात रात्रभर उभं राहिलं की बाहेरचं जग दोन-तीन तास मुकं वाटतं. माणसं बोलतात, तोंडं हलतात, शब्द मागाहून येतात.

चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर मुंगी शिरायला जागा नव्हती. निळे झेंडे, पांढरी लुगडी, पुस्तकांची दुकानं. माझ्या पुढं एक बाप होता, हाताशी सात-आठ वर्षांचा पोरगा. पोरगा वाकला, त्यानं ओंजळ भरली आणि तोंडाकडं नेली. बापानं मनगट धरलं. म्हणाला, "पिऊ नको रे, पोट बिघडंल. डोळ्याला लाव आन् सोड." पोरानं तसं केलं. मग बापानं पिशवीतनं विकतची सीलबंद बाटली काढून पोराला पाजली, आणि दुसरी रिकामी बाटली तळ्यात बुडवून भरून घेतली. घरी न्यायला. फोटोपुढं ठेवायला.

मी त्या बापाला हसलो नाही. माझ्या पिशवीतही तीच सीलबंद बाटली होती आणि तीच रिकामी बाटली. पण टेम्पोत परत येताना झोप लागेना. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा परिषदेला जमलेल्या हजारो माणसांना पाजायला चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं होतं. चाळीस रुपये, १९२७ चे. भरलेलं तळं हाकेच्या अंतरावर आणि आमची माणसं पाणी विकत घेतायत. त्या तळ्याकाठी मी उभा, आणि पाणी विकतच पितोय.

तो बाप चुकीचा नव्हता. दिवसभरात हजारो पाय त्या पाण्यात उतरतात, पोराचं पोट खरंच बिघडलं असतं. मग चूक कुठं झाली? की चूक नाहीच, आणि मीच रात्रपाळीच्या डोक्यानं काहीतरी बडबडतोय? दोस्तहो, हा मजकूर तेवढ्या प्रश्नासाठी लिहितोय. मी शिकलेला माणूस नाही. दहावी रात्रशाळेत झाली, बाकीचं वाचनालयात आणि पाळीच्या मधल्या सुट्टीत. चुकलं तर पत्र टाका, भांडा. पण प्रश्न झटकू नका. एखाद्या जागेसाठी माणसं लढली, तर ती जागा जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं?

आमचा जिल्हा पाट्यांचा जिल्हा आहे. पूर्वी कुलाबा म्हणत, १ जानेवारी १९८१ पासून रायगड. म्हणजे जिल्ह्याचं नावच एका किल्ल्यावरून काढून दुसऱ्या किल्ल्यावर ठेवलं. हमरस्त्यावर थोडं थोडं अंतर गेलं की बाण दाखवणारी पाटी येते. रायगडाकडे. गांधारपाले लेण्यांकडे. समुद्राकडं वळलात तर अलिबागला कुलाब्याचा किल्ला, मुरुडला जंजिरा, रेवदंड्याला पोर्तुगीजांचा कोट. निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला होता, त्याचाही स्तंभ रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात आहे. परदेशी माणूस, बंदरात उतरला, काही काळ राहिला, निघून गेला. त्याचा स्तंभ. मला त्याचा राग नाही, बिचारा घोडा विकायला आला होता. पण त्या बंदरात ज्यांनी पाठीवरून माल उतरवला त्यांचं नाव कुणी विचारलं नाही, एवढं मनात येऊन गेलं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्यातले दोन आमच्या जिल्ह्यातले, रायगड आणि समुद्रातला खांदेरी. गावागावात फटाके वाजले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. शिवाजीराजा काय फक्त त्यांचा आहे? जोतीरावांनी १८६९ साली राजावर पवाडा रचून छापला तेव्हा हे वारसावाले कुठं होते?

पण किल्ल्यावर गेलात तर गाइडचं बोलणं नीट ऐका. कुठलाही गाइड, कुठलाही किल्ला. तो तटाची उंची सांगेल, तोफेचं नाव सांगेल, आणि मग आवाज खाली आणून हमखास एक गोष्ट सांगेल: चहूबाजूंनी खारा समुद्र, आणि आत बघा, गोड्या पाण्याचं तळं! जंजिऱ्यावर हेच, कुलाब्याच्या किल्ल्यात हेच. रायगडावर गंगासागर. लोक वाकून बघतात, फोटो काढतात. खरं आहे ते, पाण्यावाचून किल्ला नाही. तोफा गंजल्या तरी किल्ला लढतो, पाणी संपलं की दरवाजा उघडतो. बांधणाराला हे ठाऊक होतं. माझ्या मनात प्रश्न येतो तो साधा. डोंगरी किल्ल्यांच्या घेऱ्यात, खाली जंगलात, पहाऱ्याला महार, रामोशी, बेरड असत. वरच्या तळ्याचं पाणी त्यांच्यापर्यंत कसं पोचायचं? ओंजळीत वरून ओतून? हा प्रश्न पाटीवर नसतो. पाटीवर तळ्याची लांबी-रुंदी असते.

रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीला एक दगड आहे. गड बांधणाऱ्या हिरोजीचं नाव त्यावर कोरलंय. राजाला त्यानं एवढंच मागितलं म्हणतात, की येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय आपल्या नावाला लागावेत. फार मोठ्या मनाचा माणूस. मी त्या पायरीशी बसलो होतो बराच वेळ. आणि मग वाटलं, नाव पायरीला कोरून नम्र व्हायलासुद्धा आधी नाव लागतं. ज्यानं तो दगड खाणीतून काढला, ज्याच्या बाईनं टोपलीतून चुना वाहिला, त्यांना नम्र होण्याची सोय नव्हती. ते आधीच पायाखाली होते.

लेण्यांतही तेच. गांधारपाल्याची लेणी महाडच्या उंबऱ्यावर, हमरस्त्यावरनं दिसतात. सुमारे तीस गुंफा, आपल्या बुद्धाच्या. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. छिन्नी मारणाऱ्याचं नाव तिथंही नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण आपलं म्हटलं की आपण डोळे मिटतो. आपल्या वारशातही दगड फोडणारा निनावीच आहे.

आता मुद्द्यावर येतो.

पाटी ही मान देणारी वस्तू आहे असं आपण समजतो. इथं अमुक जन्मला, इथं तमुक लढला. पण पाटी कबुली देत नाही. तुम्ही कधी अशी पाटी पाहिलीय का, की इथं आम्ही चुकलो? महाडमध्ये मी फिरलो. २० मार्चला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, मागून सगळ्यांनी घेतलं. मग गावात अफवा उठवली की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. मंडपात जेवत असलेल्या, घराकडं निघालेल्या माणसांवर काठ्या पडल्या. नंतर १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं शुद्ध केलं. गाईचं शेण चाललं, माणसाचा हात चालला नाही. हे सगळं त्याच रस्त्यांवर, त्याच काठावर घडलं. तळ्याकाठी बाबासाहेबांचा पुतळा आहे, मनुस्मृती जाळली त्या जागेपाशी क्रांतिस्तंभ आहे. पण १०८ घागरींची पाटी मला कुठं दिसली नाही. काठ्या ज्या घरांतून निघाल्या त्या घरांवर पाटी नाही. सगळा इतिहास आमच्याच अंगावर लिहिलाय, त्यांच्या अंगावर एक अक्षर नाही. जणू आम्ही कुणाशी लढलोच नाही, हवेतच हात हलवत होतो.

म्हणून मला वाटतं, आपण पाटी मागतो तेव्हा कुठं मागतो हे बघायला पाहिजे.

आणखी एक गोष्ट, ही जास्त अवघड. वारसा म्हणजे काय, या प्रश्नावर या महाडात एकदा रीतसर दावा चाललाय. दहा वर्षं चालला.

कायद्यानं तळं आधीच उघडं होतं. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात पास झाला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. महाड नगरपालिकेनंही १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. सुरबानाना टिपणीस तेव्हा अध्यक्ष. कागदावर तळं तीन वर्षं उघडं होतं आणि पायरीवर आमचं एक माणूस नव्हतं. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. १९२७ च्या सत्याग्रहानंतर ४ ऑगस्टला नगरपालिकेनं तो ठराव मागं घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला तेव्हा सनातनी मंडळी कोर्टात गेली. मनाईहुकूम आणला. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जळाली, पण पाण्याचा सत्याग्रह तहकूब करावा लागला. मग दावा. खालचं कोर्ट, वरचं कोर्ट, १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल.

त्या दाव्यात त्यांचं म्हणणं काय होतं? तळं सार्वजनिक नाही हे तर म्हणून पाहिलंच. पण खरा आधार दुसरा: अस्पृश्यांनी इथलं पाणी घ्यायचं नाही ही अनादिकालापासूनची वहिवाट आहे, आणि ती मोडता येत नाही. दोस्तहो, नीट बघा. ही वारशाचीच भाषा आहे. जुनं आहे म्हणून जपा. वाडवडिलांपासून चालत आलंय म्हणून हात लावू नका. आज किल्ल्याच्या तटाबद्दल जे बोललं जातं तेच तेव्हा आमच्या तहानेबद्दल बोललं गेलं. आणि हायकोर्टानं विचारलं ते एवढंच, की अनादिकालापासून म्हणता ते सिद्ध करा. ते झालं नाही. दावा गेला.

आपण जिंकलो. पण जिंकलो कशावर? वहिवाट पुरेशी जुनी आहे हे त्यांना दाखवता आलं नाही, यावर. समजा दाखवता आलं असतं तर? समजा एखादा ताम्रपट निघाला असता, हजार वर्षांचा, की या वर्णानं या पाण्याला शिवू नये? मग काय ते बरोबर ठरलं असतं? मी वाचनालयात हा प्रश्न टाकला तेव्हा एक जण म्हणाला, तो कायद्याचा मुद्दा आहे. नाही. कायद्याचा मुद्दा कोर्टात संपला. हा माणुसकीचा मुद्दा आहे. जुनेपणा ही स्वतःत चांगली गोष्ट नाही. अन्याय जुना झाला की तो वारसा होत नाही, तो फक्त जुना अन्याय होतो. आणि जुनेपणाला असा मान द्यायची सवय लागली की उलटा धोका आपल्यालाच आहे. १९२७ ला आता शंभर वर्षं होत आली. आपलीही गोष्ट जुनी होतेय. उद्या आपणही म्हणू, जुनी आहे म्हणून पवित्र आहे, हात लावू नका, डोळ्याला लावा आणि सोडा.

माझा एक मित्र आहे, कार्यकर्ता, माझ्याहून जास्त वाचलेला. त्याला हे सांगितलं तर तो भडकला. म्हणाला, "तू गिरणीत राहून बामणी बोलायला लागलास. त्यांचे किल्ले जागतिक वारसा, त्यांची देवळं वारसा, त्यांचे वाडे वारसा. आणि आपलं एक तळं, एक स्तंभ, तर तू म्हणतोस की पाटी नको?" मी गप्प बसलो. कारण त्याचं खरं आहे. कोरेगावचा स्तंभ कंपनी सरकारनं स्वतःच्या फुशारकीसाठी उभा केला, १ जानेवारी १८१८ च्या लढाईसाठी. पण त्यावर आमच्या शिपायांची नावं कोरलेली होती, नाक लागलेली नावं. ती दगडावर होती म्हणून पुसता आली नाहीत. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महाड झालं. डिसेंबरात महाडला आले तेव्हा ते जवळची बौद्ध लेणीही बघायला गेले आणि रायगडावरही गेले. मनुस्मृती जाळणारा माणूस दगडांकडं पाठ फिरवत नव्हता. म्हणजे पाटी लागते. नाव लागतं. मित्राचं मान्य.

पण त्याच बाबासाहेबांनी डिसेंबरच्या परिषदेत तळ्याबद्दल काय सांगितलं? हे पाणी पिऊन आपण काही अमर होणार नाही, आणि आजवर ते प्यालो नाही म्हणून मेलोही नाही, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता. तळ्यावर जायचं ते इतरांसारखीच आपणही माणसं आहोत हे ठरवायला. म्हणजे पाण्यात काही नव्हतं. सगळं जाण्यात होतं. तीर्थ म्हणायचीसुद्धा त्यांनी सोय ठेवली नाही, आणि आपण बाटलीत तीर्थ भरतो. मी भरतो. ती बाटली माझ्या खोलीत फळीवर आहे.

इथं मला गिरणीचं आठवतं. माझा आजा मुंबईत परळकडच्या एका गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर पडली. आजा परत आत गेलाच नाही. त्या गिरणीच्या जागी आता काचेची दुकानं आहेत. चिमणी तेवढी ठेवलीय. रंगवून, खाली दिवे लावून. लोक तिच्यापुढं फोटो काढतात. वारसा! मी गेलो होतो एकदा, चिमणीला हात लावून बघितला. गार होती. आजा सांगायचा, पूर्वीच्या काळी आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातल्या कांडीचा धागा तोंडानं ओढावा लागे, आणि अस्पृश्याचं उष्टं चालत नसे. पगार तिथंच जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न काढला, की कामगारांची एकजूट म्हणता तर हे दार उघडा. त्या दारावर पाटी नाही. ते दारच नाही. चिमणी उरली, कारण चिमणी विटांची होती. दार बंद असणं विटांचं नसतं.

आणि संप? संपाचा दगड कुठं उभा करणार? अलिबागजवळ चरी गावात १९३३ पासून १९३९ पर्यंत कुळांनी संप केला. नारायण नागू पाटील पुढं होते. खोत-सावकारांची जमीन कसायची नाही. सहा वर्षं नांगर घातला नाही. जंगलातली लाकडं विकून, समुद्रात मासळी धरून दिवस काढले. बाबासाहेब त्यांच्या मागं उभे राहिले, १९३७ मध्ये कायदेमंडळात खोती मोडायचं बिल आणलं. आता सांगा, न नांगरलेल्या शेताचा वारसा कसा जपायचा? राजानं बांधलं ते दिसतं. आमच्या लोकांनी जे सर्वांत मोठं केलं, ते बांधलेलं नाही. काम थांबवलं. पाण्याला हात घातला. पुस्तक जाळलं. संप, ओंजळ आणि राख. यातलं काहीच दगडासारखं टिकत नाही. ओंजळीतलं पाणी तर दुसऱ्या क्षणाला गळून जातं.

मग कृती जपायची कशी? मला एकच सुचतं, आणि ते काही मोठं तत्त्वज्ञान नाही: ती परत करून. पण परत करायची तर कुठं? जिथं आज परवानगी आहे, पोलीस बंदोबस्त आहे, स्पीकर आहे, तिथं दरवर्षी ओंजळ भरली तर ती आठवण होते. आठवण हवी, मी दरवर्षी जाणार. पण तो सत्याग्रह नाही. सत्याग्रह तिथंच होतो जिथं अजून हात पोचलेला नाही.

हे मला वाचनालयात कळलं नाही. आजीनं सांगितलं.

महाडहून मी गावी गेलो होतो एक रात्र. आमचा गाव याच जिल्ह्यात, डोंगराच्या अंगाला. आमची बौद्धवाडी खाली, ओढ्याकडं. नळ आहे, पण फाल्गुन सरला की तो नुसता फुसफुसतो. वरच्या वाडीत विहीर आहे. सार्वजनिक, सरकारी पैशानं बांधलेली, मे अखेरपर्यंत तिचं पाणी हटत नाही. माझा पणजा १९२७ ला महाडला चालत गेला होता, भाकरी बांधून. ही आमच्या घरातली सर्वांत मोठी गोष्ट. मी बाटली आजीपुढं ठेवली. तिनं हातात घेतली, उजेडात धरून बघितली.

"तळ्याचं पानी?"

"हो."

"आन् वरच्या हिरीचं?"

मी काही बोललो नाही. ती म्हणाली, "तुजा पणजा तळ्याचं पानी पिऊन आला, तवा गावानं बलुतं बंद केलं त्येचं. वरची हिर तो मरंस्तोवर प्याला नाय. तुजा आजा नाय प्याला. तुजा बा हंबयला गेला. आन् तू बाटली घिऊन आलास."

"पण आता कुणी अडवतं का?" मी विचारलं. "कायदा आहे. घटनेचं सतरावं कलम आहे."

"कोन कशाला अडवंल?" आजी म्हणाली. "जातंय कोन?"

त्या रात्री मला महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव आठवला. कागदावर उघडं, पायरीवर कुणी नाही. इतकी वर्षं मी भाषणांत ते वाक्य वापरलं होतं, त्यांच्यावर बोट रोखून.

एप्रिलमध्ये पाळी बदलून घेऊन दोन दिवस परत गावी गेलो. वाडीतली दोन पोरं बरोबर घेतली, एक कळशी आणि एक घागर. विहिरीवर गेलो तर तिथं पोहराच नाही. रहाट नाही, नुसती गडगडी. वरच्या वाडीत ज्याचा त्याचा दोर-पोहरा घरचा, येताना आणायचा, जाताना न्यायचा. मी या गावात जन्मलो आणि हे मला ठाऊक नव्हतं. तिघंही रिकामे खाली आलो. पोरं हसत होती. मला हसू येत नव्हतं.

दुपारी बाजारातनं दोर आणला. संध्याकाळी पुन्हा गेलो. कट्ट्यावर एक म्हातारा बसला होता. "कुनाचा रं तू?" म्हणाला. सांगितलं. "हां," म्हणाला आणि डोंगराकडं बघत बसला. कुणी शिवी दिली नाही, कुणी काठी उचलली नाही. आम्ही कळशी भरली, घागर भरली. एक बाई आमचं होईस्तोवर बाजूला उभी होती. आम्ही निघालो तशी ती पुढं झाली, पोहरा सोडला, वर ओढला, आणि पहिला पोहरा तसाच जमिनीवर ओतून दिला. मग दुसऱ्यापासून भरायला लागली. कदाचित पाण्यात पाला आला असेल. कदाचित ती रोजच पहिला पोहरा ओतत असेल. मी थांबून तिला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. डोक्यावर घागर होती, उतार होता, आणि खरं सांगायचं तर छाती धडधडत होती, तिसाव्या वर्षाकडं झुकलेल्या माणसाची, एका विहिरीवर.

आजीनं पाणी गाळलं, हंड्यात ओतलं, आणि चुलीवर चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाऊन आलो. ती बाई नव्हती. मग पाळीला यायचं होतं म्हणून निघालो. दोर आजीकडं ठेवलाय, दाराच्या मागं खुंटीला. वाडीतली पोरं नेतात, असं ती फोनवर सांगते. रोज नाही.